भर प्रार्थनेत लागलेली लग्नं: फ्रेंच कॅनडातली घराण्याची इभ्रत आणि एक पळवाट

क्वेबेक शहराला लागून बोपोर नावाचं गाव आहे. जानेवारी १७११ मध्ये तिथल्या चर्चमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने आणि एका तरुणीने लग्न केलं, पण ते पाद्रीने लावलं नाही. अशा लग्नांची रीत अशी असे. प्रार्थना चालू असताना जोडपं दोन साक्षीदार घेऊन चर्चमध्ये येऊन बसायचं. ठरलेल्या क्षणी दोघं उभी राहायची आणि पाद्रीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, की आम्ही एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारतो. तेवढं बोलून झालं की लग्न झालं! पाद्री संतापला, ओरडला, पाठ फिरवून उभा राहिला, तरी काही फरक पडत नसे. त्याच्या कानावर शब्द पडले होते आणि साक्षीदारांनी ते ऐकले होते.

याला ‘गोमीन’ पद्धतीचं लग्न म्हणत. सतराव्या शतकात जिल्बेर गोलमँ नावाचा एक फ्रेंच न्यायाधिकारी होता. पौर्वात्य भाषांचा तो मोठा जाणकार. पाद्रीने लग्न लावायला नकार दिला, तेव्हा त्याने हा मार्ग काढला आणि त्याचं नाव कायमचं या पद्धतीला चिकटलं. फ्रान्समधून ही युक्ती अटलांटिक ओलांडून ‘न्यू फ्रान्स’मध्ये, म्हणजे आजच्या कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत पोहोचली. तिथल्या बड्या घरांची आणि सरकारची तिने चांगलीच झोप उडवली.

दोन माणसांनी चार शब्द बोलल्याने एवढं काय बिघडत होतं? हे समजायचं तर त्या काळात लग्नावर एकाच वेळी दोन धन्यांचा हक्क होता, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. एक चर्च, दुसरा राजा. आणि या दोघांचं आपसात पटलेलं नव्हतं.

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक जगात लग्न व्हायला वधूवरांचा परस्परांना दिलेला शब्द पुरेसा असे. त्यातून भानगडी व्हायच्या. आडोशाला शब्द दिला, नंतर नाकबूल केला, दुसरीशी संसार थाटला, आणि पहिली म्हणते की बायको मी. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केला, की लग्न वधू किंवा वराच्या गावच्या पाद्रीसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोरच व्हायला हवं. फ्रेंच राजाच्या दूतांनी याच परिषदेत आणखी एक मागणी रेटली होती: आईबापांची संमती नसेल तर लग्न रद्दच समजावं. परिषदेने ती मानली नाही. चर्चच्या लेखी लग्न हा दोघांच्या इच्छेने होणारा संस्कार होता आणि बापाचा होकार ही चांगली गोष्ट असली तरी संस्काराचा भाग नव्हती. पाद्रीची हजेरी मात्र हवी. त्याची मर्जी हवी, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. गोमीन लग्नाची पळवाट नेमकी इथे होती.

फ्रान्सच्या राजाला हे परवडणारं नव्हतं. परिषदेच्या काही वर्षं आधीच, १५५६ च्या सुमारास दुसऱ्या आन्रीच्या दरबारात एक प्रकरण गाजलं होतं. सरसेनापती मोंमोरन्सीच्या थोरल्या मुलाने दरबारातल्या एका तरुणीला गुपचूप लग्नाचं वचन दिलं. बापाने तर त्याची सोयरीक खुद्द राजाच्या अनौरस मुलीशी ठरवलेली. राजाने फर्मान काढलं: तिशीच्या आतला मुलगा किंवा पंचविशीच्या आतली मुलगी आईबापांना न विचारता लग्न करत असेल, तर तिला किंवा त्याला वारसाहक्कातून बेदखल करता येईल. पुढे १५७९ आणि १६३९ मध्ये हे कायदे आणखी कडक झाले. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध मुलीला किंवा मुलाला नादी लावून लग्न करणं हा अपहरणाचाच प्रकार ठरला आणि कागदोपत्री त्याला देहदंडाची शिक्षा होती. मुलगी स्वतःच्या पायांनी चालत आली असली, तरी गुन्हा तिच्या बापाविरुद्ध घडला असंच धरलं जाई.

आता पैशाकडे येऊ, कारण इभ्रतीच्या गप्पांखाली जमीन नेहमी तीच असते. न्यू फ्रान्समध्ये १६६४ पासून ‘पॅरिसचा रिवाज’ हा दिवाणी कायदा लागू होता. त्यात लग्नानंतर जोडप्याने कमावलेली मालमत्ता दोघांची सामाईक असे आणि नवरा गेला की तिची अर्धी विधवेकडे राही. वडिलोपार्जित जमीन मात्र रक्ताच्या वंशातच राहावी, अशी तजवीज होती. कुणी ती बाहेर विकली तर भाऊबंदांना एक वर्ष आणि एक दिवसाच्या मुदतीत तीच किंमत भरून परत घेता येई. तरीही नवऱ्याच्या वडिलोपार्जित मिळकतीच्या निम्म्या भागाचं उत्पन्न विधवेला हयातभर मिळायचं. म्हणजे घरात येणारी सून उद्या अर्ध्या उत्पन्नाची मालकीण होऊ शकत होती. हाच कायदा मुलांना मनमानीने बेदखल करू देत नसे. प्रत्येक मुलाचा एक किमान वाटा राखीव असे. तो काढून घेण्याच्या मोजक्या कारणांपैकी एक कारण म्हणजे आईबापांच्या मर्जीविरुद्ध केलेलं लग्न. एखाद्या बापाला मुलगा उधळ्या किंवा आळशी आहे म्हणून त्याचा वाटा पूर्ण बुडवता येत नव्हता, पण मनाजोगती बायको केली म्हणून बुडवता येत होता.

वसाहतीत या सगळ्याला एक विचित्र पैलू होता. पॅरिसमधले मंत्री एकीकडे लग्नं अडवत होते आणि दुसरीकडे लोकांना जबरदस्तीने बोहल्यावर चढवत होते. १६६३ मध्ये अख्ख्या वसाहतीत जेमतेम तीन हजार फ्रेंच होते आणि बायकांचं प्रमाण फारच कमी. म्हणून १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चाने सुमारे आठशे मुली फ्रान्समधून पाठवल्या गेल्या. त्यांत बऱ्याच अनाथ, बहुतेक गरीब. मंत्री कोल्बेरच्या काळात फर्मान निघालं की विशीच्या आत लग्न करणाऱ्या मुलाला आणि सोळाच्या आत लग्न करणाऱ्या मुलीला लग्नाच्या दिवशी २० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळतील. मुलं त्या वयापर्यंत बिनलग्नाची राहिली तर बापाला दंड. दहा मुलं हयात असणाऱ्या बापाला वर्षाला ३०० लिव्र पेन्शन. तालाँ नावाच्या इंटेंडंटने, म्हणजे राजाच्या मुलकी कारभाऱ्याने तर हुकूम काढला, की मुलींची जहाजं आल्यावर पंधरा दिवसांत लग्न न करणाऱ्या अविवाहितांना शिकार, मासेमारी आणि फर व्यापाराला बंदी.

म्हणजे शेतकऱ्याने पंधरा दिवसांत बायको निवडायची आणि लष्करी अधिकाऱ्याने गव्हर्नरच्या परवानगीची वाट पाहत बसायचं. अधिकाऱ्याला लेखी मंजुरी लागे. प्रकरण नाजूक असेल तर ते थेट समुद्रापार मंत्र्यापर्यंत जाई आणि हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठली की उत्तराची जहाजं वसंतापर्यंत बंद. एखाद्याचं लग्न सहज वर्षभर लांबणीवर पडे.

वरच्या थरात एवढी काळजी कशाची होती? १७१८ च्या सुमाराला वसाहतीची वस्ती वीस-बावीस हजार. त्यांतली मानाची घरं थोडी, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. लष्करातली पदं, सरकारी नेमणुका, फर व्यापाराचे परवाने, जमिनींच्या सनदा हे सगळं गव्हर्नर आणि इंटेंडंट यांच्या हातून वाटलं जायचं, आणि त्या दोघांना फ्रान्समध्ये मंत्र्याचा वशिला लागायचा. या साखळीत आत शिरण्याचा खात्रीचा रस्ता सोयरीक हाच होता. लग्नाचा करार नोटरीसमोर होई आणि त्यावर फक्त आईबाप नाही, तर काका, मामा, वरिष्ठ अधिकारी, जमलं तर स्वतः गव्हर्नरही सही करायचे. कुणाची सही आहे, यावरून त्या घराचं वजन कळायचं. माझ्या मते त्या समाजात इभ्रत म्हणजे नेमकं काय, हे सांगणारा याहून स्पष्ट कागद नाही. ती शीलाची गोष्ट कमी आणि कुणाच्या पाठीशी कोण उभा आहे, याची नोंदवही जास्त होती. तोलामोलाचं नसलेलं लग्न ती नोंदवही बिघडवत असे, म्हणून ते सलायचं.

याचा जवळून दिसणारा नमुना म्हणजे बेगाँ घराणं. घराण्याचा मूळ पुरुष मिशेल बेगाँ फ्रान्समधल्या रोशफोर बंदराचा इंटेंडंट होता आणि मंत्री कोल्बेरच्या बायकोच्या नात्यातला. त्याला वनस्पतींचा शौक होता. आपल्या बाल्कनीतल्या कुंड्यांमधल्या, आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर गुलाबी फुलणाऱ्या बेगोनियाला त्याचंच नाव दिलेलं आहे. त्याचाच एक मुलगा, नाव पुन्हा मिशेल, १७१२ मध्ये न्यू फ्रान्सचा इंटेंडंट म्हणून क्वेबेकला आला. त्याची बायको बोआर्नवा घराण्यातली. तिचा एक भाऊ आधी याच वसाहतीचा इंटेंडंट होऊन गेलेला आणि दुसरा पुढे १७२६ मध्ये गव्हर्नर झाला. साखळी ही अशी असते.

इंटेंडंटचा धाकटा भाऊ क्लोद-मिशेल वसाहतीच्या लष्करात अधिकारी होता. माँट्रियलमध्ये त्याचं मन जडलं एलिझाबेत रॉकबेरवर. जन्म १६९६, माँट्रियलचाच. तिचे वडील एतिएन रॉकबेर माँट्रियलमध्ये राजाच्या कोठाराचे रखवालदार होते. बंदुका, दारूगोळा, कापड, धान्य, मूळनिवासी मित्रजमातींना द्यायच्या भेटवस्तू, सगळं त्यांच्या ताब्यात. माणूस खाऊनपिऊन सुखी, शहरात मान असलेला. पण बेगाँच्या नजरेत एक नोकर, आणि तोही इंटेंडंटच्याच खात्यातला. म्हणजे राज्याचा मुलकी कारभारी आपल्याच हाताखालच्या कारकुनाचा व्याही होणार!

कायद्याच्या दृष्टीने क्लोद-मिशेलच्या सरदारकीला धक्का लागत नव्हता. फ्रेंच कायद्यात सरदारकी बापाकडून उतरते. उमराव पुरुषाने सामान्य घरची बायको केली तरी मुलं उमरावच. उमराव बाईने सामान्य माणसाशी लग्न केलं तर मात्र त्या लग्नापुरते तिचे मान जात. मुलींवर पहारा अधिक कडक होता, त्याचं हे एक कारण. तरीही बेगाँ कुटुंबाने या लग्नाला ठाम विरोध केला. अडचण सरदारकीची नव्हती, वाया जाणाऱ्या संधीची होती. एवढ्या वशिल्याच्या घरातला अविवाहित मुलगा फ्रान्समध्ये एखाद्या बड्या घरी देता आला असता, आणि तो इथे कोठारवाल्याच्या घरी चालला होता.

दोघांनी गोमीनचा मार्ग धरला. नंतर १९ डिसेंबर १७१८ ला माँट्रियलमध्ये त्यांचं रीतसर लग्न झालं. हे पुन्हा लावलेलं लग्नच गोमीनची खरी ताकद दाखवतं. आधीचं लग्न नियमबाह्य असलं तरी चर्चच्या दृष्टीने झालेलं होतं, ते मोडता येत नव्हतं. राजाची न्यायालयं ते अवैध ठरवू शकत, पण त्यासाठी घरातल्यांना उघड खटला चालवावा लागला असता आणि बदनामी चव्हाट्यावर आली असती. मुकाट्याने आशीर्वाद देऊन नोंद नीट करून घेणं हा सोयीचा रस्ता उरे. बिशप सँ-व्हालिए याने १७१७ मध्येच अशी लग्नं करणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी देणारं पत्रक काढलं होतं. बेगाँ-रॉकबेर लग्न त्यानंतरचं आहे, यावरून त्या धमकीचा धाक किती होता ते कळतं. ही फट चर्चने पूर्णपणे बुजवली ती थेट १९०७ च्या हुकमाने. त्यात पाद्रीने स्वतः दोघांची संमती विचारून घेणं सक्तीचं झालं.

क्लोद-मिशेलचं पुढे काही वाकडं झालं नाही. भावाचा मेहुणा गव्हर्नर झाल्यावर त्याला बढत्या मिळत गेल्या आणि १७४३ मध्ये तो त्र्वा-रिव्हिएरचा स्थानिक गव्हर्नर झाला. म्हणजे ज्या साखळीचा नियम त्याने मोडला, तिनेच त्याला सावरून घेतलं.

इथेच मला या पळवाटेचं कौतुक थांबवावंसं वाटतं. गोमीन लग्न हे प्रेमाचं बंड म्हणून रंगवलं जातं आणि त्यात धाडस होतं, हे खरंच. पण मोडलेल्या नियमाची भरपाई करून देणारं घर पाठीशी असेल, तरच ते धाडस परवडत होतं. त्याच वसाहतीत त्याच काळात इतरांच्या वाट्याला काय येत होतं ते पाहा.

१७२२ मध्ये इंटेंडंट मिशेल बेगाँने, म्हणजे याच कहाणीतल्या थोरल्या भावाने, दुसऱ्या आन्रीचं एक जुनं फर्मान वसाहतीतल्या चर्चांमध्ये दर तीन महिन्यांनी वाचून दाखवायचा हुकूम काढला. फर्मान असं: लग्नाशिवाय गरोदर राहिलेल्या बाईने ते अधिकाऱ्यांकडे जाहीर केलंच पाहिजे. तिने लपवलं आणि मूल दगावलं, तर तिने ते मारलं असं गृहीत धरून तिला देहदंड. नोकरी करणारी मोलकरीण, मालकाच्या किंवा एखाद्या शिपायाच्या नादी लागलेली, दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये बसून हे ऐकायची. शेजारी तिच्या मालकीण बाईही बसलेल्या असणार. तिला पळवाटही नव्हती आणि सावरून घेणारं घरही नव्हतं. वडिलांच्या संमतीचं फर्मान आणि हे फर्मान, दोन्ही एकाच राजाची आणि साधारण एकाच वर्षातली. मुलांनी लग्न लपवू नये म्हणून पहिलं आणि मुलींनी पोट लपवू नये म्हणून दुसरं.

मूळनिवासी बायकांशी लग्नाचं धोरण तर सत्तर-ऐंशी वर्षांत पूर्ण फिरलं. सुरुवातीच्या काळात फ्रेंच पुरुष आणि मूळनिवासी बायका यांची लग्नं होऊन एकच प्रजा तयार व्हावी, असं खुद्द सरकारला वाटायचं. १६८० च्या आसपास बाप्तिस्मा घेतलेल्या मुलींच्या हुंड्यासाठी राजाने पैसेही मंजूर केले. पण १७०९ मध्ये गव्हर्नर व्होद्रय आणि इंटेंडंट रोदो यांनी मंत्र्याला कळवलं, की वाईट रक्त चांगल्या रक्तात मिसळता कामा नये. योगायोग नव्हे, त्याच १७०९ मध्ये रोदोने गुलामगिरीला कायदेशीर मान्यता देणारा हुकूमही काढला. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी नोंदवह्या चाळून क्वेबेकमधल्या सुमारे ४,२०० गुलामांची यादी केली. त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश मूळनिवासी होते. गुलामाला लग्न करायला मालकाची परवानगी लागे आणि मूल आईच्या मालकाचं होई. दक्षिणेला फ्रेंच लुइझियानामध्ये १७२४ च्या गुलाम-कायद्याने गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाला सरळ बंदीच घातली. तिथे पाद्रीसमोर कितीही मोठ्याने ओरडलं तरी उपयोग नव्हता. दूर पश्चिमेला, ग्रेट लेक्सच्या परिसरात, फर व्यापारी मूळनिवासी रिवाजाने संसार मांडत राहिले आणि व्यापार त्यांच्या बायकांच्या नात्यागोत्यांवर चालत राहिला. त्या बायकांच्या घराण्यांचीही इभ्रत होती, त्यांचेही सोयरिकीचे नियम होते. क्वेबेकच्या कागदांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही.

एलिझाबेतकडे परत येऊ. १७४८ मध्ये क्लोद-मिशेल वारला. तिची मुलगी आधीच गेली होती. जावई व्हिलब्वा लुइझियानामध्ये मोठ्या सरकारी पदावर होता आणि नात तिच्यापाशी वाढत होती. एलिझाबेतने जावयाला रोजनिशीसारखी पत्रं लिहायला घेतली, ‘माझ्या प्रिय मुला’ म्हणत. १७४९ च्या हिवाळ्यात इंटेंडंट बिगो माँट्रियलला आल्यावर कसे नाच रंगले, पाद्रींनी प्रवचनात त्यावर कशी आग पाखडली, कुठल्या घरी कुणाची सोयरीक जुळतेय, कोण कुणाची मर्जी राखतोय, हे सगळं त्यांत आहे. इभ्रतीचा हा व्यवहार तिने आतून पाहिला होता, आणि एकदा त्याच्या विरुद्ध बाजूलाही उभी राहिली होती. म्हणून तिचं निरीक्षण इतकं नेमकं आहे, असं मला वाटतं.

१७४९ मध्येच ती नातीला घेऊन फ्रान्सला, नवऱ्याच्या घराण्याच्या रोशफोरला गेली. तिथे ती थोर अधिकाऱ्याची विधवा म्हणून मिरवेल अशी अपेक्षा होती. पण सासरचे तिला तिकडच्या एका मूळनिवासी जमातीवरून ‘इरोक्वा बाई’ म्हणत, म्हणजे कॅनडाच्या जंगलातली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. माँट्रियलमध्ये ती कोठारवाल्याची मुलगी म्हणून कमी पडली होती, आणि रोशफोरमध्ये वसाहतीतली म्हणून. १७५२ च्या डिसेंबरमध्ये जावई लुइझियानात वारला. ती बातमी समुद्र ओलांडून पोहोचेपर्यंत ती त्याला लिहीतच होती. १७५५ मध्ये रोशफोरमध्येच तिचा मृत्यू झाला. तिची पत्रं १९३० च्या दशकात क्वेबेकच्या अभिलेखागाराने छापली, आणि अठराव्या शतकातल्या माँट्रियलच्या समाजाबद्दल लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आज ती उघडतोच.